पाठमोरं चित्र

“मग विचारायचं तरी काय, बाई?”

हेमराज शहारेने हे विचारलं तेव्हा लांजेवार बाई ओसरीत बसून एका जुन्या पुस्तकाची उसवलेली पाठ खळीने चिकटवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“कोणाला?”

“मुलांना. गोष्ट वाचून झाल्यावर.”

“गोष्ट वाचून झाली ना?”

“झाली.”

“मग झालं की.”

हेमराज हसला, पण मनापासून नाही. भर दुपारी उन्हातून सायकल मारत तो आला होता तो असलं उत्तर ऐकायला नव्हे.

हा हेमराज बाईंचाच विद्यार्थी. सावरटोल्याच्या तलावाच्या उंच मातीच्या पाळीखाली जी कौलारू शाळा होती, तिथे त्याने बाईंच्या हाताखाली पाटी धरली. पुढे शिकून तो स्वतःच मास्तर झाला, शेजारच्याच गावात. आणि साधासुधा मास्तर नाही. चित्रांची पुस्तकं वर्गात कशी वापरायची हे समजावून सांगायला त्याला जिल्हाभर बोलावणं येई. मोठ्या सभागृहात, हातात माइक घेऊन तो बोलू लागला की जुने जाणते मास्तरही मान डोलवत. त्याने प्रश्नांची रंगीत कार्डं छापून घेतली होती. गोष्टीआधी पिवळी, गोष्ट चालू असताना हिरवी, गोष्ट संपल्यावर लाल.

आणि प्रत्येक ठिकाणी तो सुरुवात करी ती लांजेवार बाईंच्या आठवणीने.

“आमच्या शाळेत वीज नव्हती,” तो सांगे. “छपरात एक काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाचा एक तुकडा खाली पडायचा. बाई पुस्तक घेऊन त्या तुकड्यात बसायच्या आणि आम्ही त्यांच्याभोवती. ऊन सरकलं की बाई सरकायच्या, बाई सरकल्या की आम्ही. दुपारपर्यंत सगळा वर्ग पार भिंतीपाशी पोचलेला असायचा.”

लोक हसत. हेमराजही हसे. पण एवढं सांगताना त्याच्या नाकात तो वास खरोखर येई. शेणाने सारवलेल्या जमिनीचा, पोरांच्या केसांतल्या तेलाचा, आणि पुस्तकाच्या पाठीला लागलेल्या खळीचा.

पुस्तकं होती कमलिनी उपासनी या बाईंची. त्या लिहीत आणि चित्रंही स्वतःच काढत. त्यांच्या पुस्तकात राजा नसे, परी नसे, बोलणारा ससा तर नसेच. पोचे पडलेलं भगुणं असे. आईच्या पोलक्याला लावलेली पिन असे. कान फाटलेलं कुत्रं, चिखलात रुतलेली बैलबंडी, एसटीची वाट बघत पेंगणारी माणसं असत. पहिल्यांदा पुस्तक उघडलं तेव्हा हेमराजच्या शेजारची पोरगी ओरडली होती, “बाई, हे त आमच्या घरचं भगुणं होय!” आणि मग प्रत्येकाला त्यात आपलं काही ना काही सापडत गेलं होतं.

त्यातलंच एक पुस्तक ‘रिकामी खाट’.

पहिल्या पानावर अंगणात खाट, खाटेवर आजा, पायथ्याशी नातू. मग आजा आजारी. मग नुसतीच खाट. पुढच्या पानावर ती खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. आणि शेवटच्या पानावर तीच खाट पुन्हा उन्हात टाकलेली, तिच्यावर लाल मिरच्या वाळत घातलेल्या, आणि खाली सावलीला तो नातू बसलेला.

शब्द फार थोडे. काही पानांवर तर एकही नाही.

हेमराज दुसरीत होता, त्या वर्षी त्याचा आजा गेला. कित्येक दिवस तो कोणाशी बोलत नव्हता. मग एका सकाळी बाईंनी काचेच्या कौलाखाली ते पुस्तक उघडलं, नुसत्या खाटेच्या पानावर थांबल्या आणि त्यांनी विचारलं, “ही खाट कोणाची?”

“माझ्या आजाची,” हेमराज म्हणाला होता, आणि हुंदके देऊन रडला होता. त्या दिवसापासून तो पुन्हा बोलू लागला.

सभागृहात इथवर आल्यावर तो जरा थांबे. मग म्हणे, “एक प्रश्न. योग्य वेळी विचारलेला एकच योग्य प्रश्न. त्याने मूल उघडतं.”

लोक टाळ्या वाजवत.

आणि आता त्याच पुस्तकाने त्याला तोंडघशी पाडलं होतं.

“काय झालं ते नीट सांग,” बाई म्हणाल्या. हातातलं काम मात्र चालूच होतं.

त्याने सांगितलं. त्याच्या वर्गात रोशनी नावाची मुलगी आहे. बाप दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. पावसाळ्यात ताप डोक्यात गेला आणि तो वारला. त्यानंतर पोरगी शाळेत येई, बसे, पण ओठ म्हणून उघडत नसे. हेमराजला वाटलं, हिला काय हवं ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. दिवाळीची सुट्टी संपली तसं त्याने ते पुस्तक वर्गात घेतलं. भिंतीवर पडदा लावून मोठ्ठी चित्रं दाखवली. कार्डं काढली. एकेक प्रश्न विचारला, क्रमाने, कुठेही न चुकता.

“आणि?”

“आणि तिने डोकं गुडघ्यात घातलं. शाळा सुटेपर्यंत वर काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेतच येत नाही ती...” हेमराजचा आवाज खाली आला. “आई शेतावर जाते, धान कापायला. ही घरात एकटीच बसून असते म्हणे. माझं चुकलं कुठे, तेवढं सांगा. क्रम चुकला का? की ती अजून त्या पुस्तकासाठी तयार नव्हती?”

बाईंनी खळीचं बोट फडक्याला पुसलं.

“पडदा केवढा होता?”

“चांगला मोठा. सगळ्यांना दिसेल एवढा.”

“आणि तू?”

“मी... पुढे उभा होतो. पडद्याशेजारी.”

“काय विचारलंस तिला?”

“तिला एकटीला नाही, सगळ्यांनाच. मुलाच्या चेहऱ्यावर कोणता भाव दिसतो? त्याला काय वाटत असेल?”

“काय म्हणाली मुलं?”

“म्हणाली, दुःखी आहे. रडतोय.”

“असं म्हणाली?”

“हो. सगळी म्हणाली.”

बाईंनी नुकतीच पाठ चिकटवलेलं पुस्तक त्याच्या पुढ्यात सरकवलं. तेच होतं ते. ‘रिकामी खाट’. कोपरे झिजून गोल झालेले, मुखपृष्ठावरचा निळा रंग कधीचाच उडालेला.

“दाखव मला तो चेहरा.”

हेमराजने पुस्तक हातात घेतलं. इतक्या वर्षांनी तेच पुस्तक, तीच प्रत. बोटांना कागदाचा तो जाडसर, खरखरीत पोत लागला आणि क्षणभर त्याला आपण मास्तर असल्याचं आठवेना.

मग त्याने पानं उलटायला सुरुवात केली.

पहिल्या पानावर नातू आजाच्या पायथ्याशी बसलेला. पाठमोरा.

दुसऱ्या पानावर आजाला पाणी देताना. पाठमोरा.

नुसत्या खाटेच्या पानावर तो दारात उभा. तोही पाठमोरा.

हेमराज भराभर शेवटापर्यंत गेला, पुन्हा पहिल्या पानावर आला. मानेवरची पन्हळ, सदऱ्याची उसवलेली शिवण, टाचेला लागलेली माती, सगळं होतं. चेहरा कुठेच नव्हता.

“हे मी... इतक्या वेळा बघितलंय हे पुस्तक.”



तलावावरून बगळ्यांचा थवा उतरला. पाळीवरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“उपासनी बाई एकदा आमच्या शिबिराला आल्या होत्या,” थोड्या वेळाने बाई म्हणाल्या. “बुटक्याशा होत्या. पायात रबरी चप्पल. मी विचारलं, बाई, मुलाचा चेहरा का नाही काढला? तर म्हणाल्या, काढत होते, पण तो वळलाच नाही.”

“म्हणजे काय?”

“मी नाही विचारलं, म्हणजे काय.”

हेमराजला हे काही पटेना. शिकवण्याचं सगळं शास्त्र त्याने अभ्यासलं होतं, आणि इथे एक म्हातारी त्याला उडवून लावत होती, असं त्याला वाटलं. तो थोडा तडकलाच.

“बाई, माफ करा. पण तुम्ही स्वतः विचारलंत की. मी दुसरीत होतो तेव्हा. ‘ही खाट कोणाची?’ तुम्ही तेवढं विचारलंत म्हणून तर मी बोललो. माझं सगळं काम त्या एका प्रश्नावर उभं आहे.”

बाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

“मी नाही विचारलं.”

“विचारलंत. तुमचा आवाज अजून माझ्या कानात आहे.”

“त्या दिवशी मला आवाजच नव्हता, हेमराज.”

हेमराजने हातातलं पुस्तक घट्ट धरलं.

“घसा पार बसला होता. सुंठ चावून चावून जीभ पोळली होती, पण शब्द फुटेना. रजा घ्यायची तर शाळेत दुसरं कोणी नाही. म्हणून पुस्तक काढलं आणि नुसती पानं उलटत बसले. त्या एका पानावर जरा जास्त थांबले, कारण ऊन नेमकं त्याच्यावरच पडलं होतं.”

“मग... विचारलं कोणी?”



हेमराजच्या डोळ्यांपुढे तो उन्हाचा तुकडा आला. त्यात उडणारी धूळ आली. बाईंचा गळ्याभोवती गुंडाळलेला राखाडी मफलर आला, जो त्याने कधी कोणत्या सभागृहात सांगितला नव्हता, कारण तो त्याला कधी आठवलाच नव्हता. आणि मग आवाज आला. बारीक, पोरका, चिरकलेला. ही खाट कोणाची, बाई? बाई काहीच बोलत नाहीत. पुन्हा तोच आवाज. बाई, ही खाट कोणाची? बाई फक्त बघतायत, त्यांचे डोळे पाणावलेत, पण त्या काही सांगत नाहीत. शेवटी तोच आवाज स्वतःला सांगतो...

हेमराजने पुस्तक मिटलं. बराच वेळ त्याला मान वर करता येईना.

जे एवढी वर्षं तो बाईंचं म्हणून मिरवत होता ते त्याचं स्वतःचं होतं. आणि जे बाईंचं होतं त्याला शब्दच नव्हते. ते कोणत्या रंगाच्या कार्डावर छापायचं?

“मग मी काय करू?” त्याने विचारलं. हा आवाज सभागृहातला नव्हता.

बाई हाताचा आधार घेत उठल्या. समोर बसल्या होत्या तिथून चालत त्याच्या बाजूला आल्या आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून बसल्या. पुस्तक त्याच्या हातातून घेतलं, अर्धं त्याच्या मांडीवर, अर्धं आपल्या मांडीवर, असं ठेवलं. पहिलं पान उघडलं.

आणि दोघं बघत बसले.

शेवटच्या पानापर्यंत बाई एक शब्द बोलल्या नाहीत. पुस्तक मिटून त्याच्या हातात देताना एवढंच म्हणाल्या, “खळ ओली आहे. जपून ने.”

रोशनीचं घर गावाच्या टोकाला होतं. हेमराज पोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिची आई नुकतीच शेतावरून आली होती आणि अंगणात सूप घेऊन धान पाखडत होती. मास्तर आलेले बघून तिने डोक्यावरचा पदर सावरला.

“सर, पोरगी येत नाही म्हनून आले का? म्या लय सांगतलं तिले. आयकतच नाही.”

“नाही, नाही. सहज आलो होतो. बसू का थोडा वेळ?”

रोशनी ओसरीच्या पायरीवर बसली होती. त्याला बघून ती आत पळाली नाही, पण अंग चोरून घेतलं. तिच्यामागे, भिंतीला टेकवून, एक खाट उभी करून ठेवलेली होती.

हेमराजने ती पाहिली. त्याचा पाय अडखळला.

त्याच्या जिभेवर सवयीने चार वाक्यं आली. कशी आहेस? शाळेत का येत नाहीस? सगळी मुलं तुझी आठवण काढतात. बघ, मी तुझ्यासाठी काय आणलंय... सगळी त्याने गिळली. पायरीवर तिच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून बसला आणि पुस्तक स्वतःच्याच मांडीवर उघडलं. जणू तो स्वतःसाठीच बघतोय.

बघतही होता स्वतःसाठीच. आजाच्या पायाच्या भेगा त्याने पहिल्यांदाच नीट पाहिल्या. त्याच्या आजाच्या अशाच होत्या. रात्री त्यात मेण भरून देताना आजा ‘हळू रे’ म्हणायचा. हे त्याला कधीपासून आठवलं नव्हतं. तो त्या पानावरून पुढे जाईना.

शेजारून एक छोटा हात आला आणि त्याने पान उलटलं.

आता पुस्तक अर्धं तिच्या मांडीवर होतं. कधी गेलं, त्याला कळलं नाही.

नुसत्या खाटेचं पान. तिने ते पाहिलं आणि लगेच पुढे गेली. भिंतीला उभ्या केलेल्या खाटेपाशी थांबली. तिथे फार वेळ थांबली. सूप वाजायचं थांबलं होतं. आईने हात तसाच धरून ठेवला होता.

मग रोशनीने शेवटचं पान उघडलं. मिरच्या, ऊन, खाटेखालच्या सावलीत बसलेला नातू.

तिने परत मागचं पान काढलं. पुन्हा पुढचं. पुन्हा मागचं. दोन पानांच्या मध्ये बोट घालून ती काहीतरी शोधत होती.

“सर...”

पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच तो आवाज हेमराजच्या कानावर पडत होता.

“खाट परत कोनं टाकली?”

हेमराजने चित्राकडे पाहिलं. पुस्तकात ते नव्हतं. एका पानावर खाट उभी होती, दुसऱ्यावर ती अंगणात पडली होती, आणि मधल्या वेळात ती कोणाच्या हाताने खाली आली, हे उपासनी बाईंनी काढलंच नव्हतं. त्याच्या ओठांवर उत्तर आलं. आजीने टाकली असेल. नाहीतर आईने. सांगायला काय, सहज सांगता आलं असतं, आणि चांगलं शोभलंही असतं.

“कोनं टाकली, सर?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत डोळे घालून बघणं त्याला जड गेलं, तरी बघितलं. आणि तोंड मिटूनच ठेवलं.

रोशनीने वाट बघितली. मग मान वळवून आईकडे पाहिलं. आईने पदर तोंडाला लावला होता. मग तिने पुस्तकाकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते, पण काही ऐकू येत नव्हतं.

उजेड कमी व्हायला लागला तसा हेमराज उठला. त्याने पुस्तकासाठी हात पुढे केला. रोशनीने ते दिलं नाही. दोन्ही हातांनी धरून पोटाशी घेतलं.

“राहू दे,” तो म्हणाला. “पाठ ओली आहे अजून. दाबू नको.”

परतताना तो पुन्हा बाईंच्या दाराशी थांबला. दिवेलागण झाली होती. बाई चुलीपाशी होत्या, त्यांनी तिथूनच विचारलं, “आलास?”

“आलो. पुस्तक तिथंच राहिलं, बाई. ती सोडेना. तुमची एकच प्रत होती...”

“बोलली?”

“एकच वाक्य. तेही विचारणं होतं.” हेमराजने दाराची चौकट धरली. “ज्यासाठी पंधरा ठिकाणी व्याख्यानं देत हिंडलो, तेच आज माझ्यापुढे आलं. एक मूल स्वतःहून विचारत होतं, आणि मी...”

“काय विचारलं?”

“खाट परत कोणी टाकली.”

चुलीतलं लाकूड तडतडलं. बाईंनी ते पुढे सारलं. मग कितीतरी वेळ त्या जाळाकडे बघत राहिल्या. या पुस्तकाची पाठ कितीदा तरी त्यांनी चिकटवली होती, ते कितीतरी वर्गांना दाखवलं होतं, पण हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“तू काय सांगितलंस?”

“काही नाही. मला सांगताच आलं नाही, बाई. तिने दोनदा विचारलं आणि मी नुसता बसून राहिलो. उठून आलो तेव्हाही ती तशीच बसली होती...” त्याने चौकट सोडली. “मी तिला तशीच सोडून आलो.”

बाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. चटका बसलेला हात पदराला पुसला आणि त्याच्याकडे वळून म्हणाल्या,

“मग उद्या शाळा जरा लवकर उघड.”